खालचा कप्पा रिकामा

मृदुला वहिनींचा फोन आला तेव्हा मी सिंगापुरातल्या टॅम्पिनीस स्टेशनच्या जिन्यात होते. ऑफिसच्या वेळेची गर्दी, मागून माणसं येतायत, आणि मी फोन कानाला लावून मध्येच थांबलेली. "अनघा, श्री गेला गं," एवढंच त्या बोलल्या. त्यांच्या मागे हॉस्पिटलातलं कसलंसं यंत्र टुकटुक वाजत होतं... ते कुणीतरी बंद करावं असं मला वाटत राहिलं.

श्रीधर माझा मावसभाऊ, आम्हा सगळ्यांचा श्रीदादा. हृदयाच्या दुखण्यानं आठवडाभर हॉस्पिटलात होता. अशा वेळी डोकं सुन्न होतं म्हणतात. माझं झालं नाही. मला त्याच क्षणी एक गोष्ट आठवली. सुमाताई! दादाची थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, कृष्णेकाठच्या आमच्या गावात नदीपासून दुसऱ्या गल्लीत तळमजल्याच्या घरात एकटी राहणारी. वरच्या धरणातून पाणी सोडत होते, नदी तासातासाला चढत होती आणि ही बाई घर सोडायला तयार नव्हती. आदल्या संध्याकाळी मी दादाला भेटायला गेले होते. त्यानं माझं मनगट घट्ट धरलं. नाकात नळी, बोलायला त्रास होत होता. "सुमाताईला बाहेर काढ. ती म्हणते, आता विमा आहे. अगं, विमा भिंतींचा आहे, तिचा नाही." मी हो म्हटलं होतं. आता तो नव्हता, पाणी होतं, आणि माझं ते 'हो' तेवढं उरलं होतं.

त्या दिवसाबद्दल पुढे लिहितेच. आधी दादाबद्दल लिहायला हवं, म्हणजे त्याच्या भीतीबद्दल. कारण एवढा भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही. हे मी प्रेमानं लिहितेय, आणि तो वाचत असता तर हसून म्हणाला असता, "खरंच आहे."

मी नोकरीसाठी सिंगापूरला आले तेव्हा पहिले काही महिने दादाच्या तोआ पायोहच्या फ्लॅटमध्ये राहिले. बाराव्या मजल्यावरचा फ्लॅट. पहिल्याच दिवशी वहिनींनी मला कपाट दिलं आणि मी भाबडेपणानं सगळ्यात खालच्या कप्प्यात साड्या लावल्या. संध्याकाळी दादा ऑफिसातून आला, कपाट उघडं दिसलं, आणि एक शब्द न बोलता त्यानं माझ्या साड्या उचलून वरच्या कप्प्यात कोंबल्या. तेव्हा माझं लक्ष गेलं की त्या घरातल्या एकूण एक कपाटाचा खालचा कप्पा रिकामा आहे. स्वयंपाकघरात तांदूळ डोक्याच्या वर. चपला भिंतीला अडकवलेल्या. मिक्सरसुद्धा फडताळाच्या टोकावर, स्टूल घेतल्याशिवाय हात पोचेल तर शपथ. न्हाणीघरात पाणी जायच्या भोकावर एक पालथी वाटी आणि वाटीवर वरवंटा. मला वाटलं, झुरळांसाठी असेल. वहिनी म्हणाल्या, "विचारू नकोस बाई. माझा सगळा संसार असा अधांतरी चाललाय." त्यांची मुलगी ईरा तेव्हा शाळेत होती. ती खदखदून हसायची आणि सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "बाबा, ट्वेल्थ फ्लोअर लाऽ! इथे पाणी आलं तर होल सिंगापूर फिनिश ऑलरेडी!" दादाही हसायचा. पण वरवंटा काही हलायचा नाही.

त्या वरवंट्याची गोष्ट त्यानं मला सांगितली ती एका रविवारी, कालव्याच्या कडेनं चालताना. त्याच्या घरामागून एक मोठा काँक्रीटचा कालवा जातो. तळाशी घोटाभर पाणी, बगळे उभे, काठानं लोक सायकली चालवतात. दादा मात्र भिंतीवर शेवाळ कुठपर्यंत चढलंय ते बघत चालायचा. म्हणाला, "चौथीत होतो मी. पूर येणार म्हणून अण्णांनी पुढच्या दाराशी वाळूची पोती रचली. आम्ही सगळे दाराकडे तोंड करून बसलो. पाणी दारातून येणार, नाही का? आणि मागे मोरीतून आवाज आला... बुडबुड. कुणीतरी चूळ भरतंय असा. वळून बघितलं तर स्वयंपाकघरात पाणी." अण्णा आणि मावशी सामान उचलत राहिले. सुमाताई तेव्हा मॅट्रिकला. तिनं दादाला कडेवर घेतलं, चौथीतल्या घोड्याला, आणि कमरेएवढ्या पाण्यातून शेजारच्या गच्चीवर नेलं. "सबंध वेळ ती कानात सांगत होती, भिऊ नकोस, मी आहे ना. त्या दिवशी ती भ्यायचं विसरली ती कायमची. तिच्या वाटचं मीच भीत आलोय तेव्हापासून." हे सांगताना तो हसला नाही.

आणि नोकरी तरी कसली धरावी! विमा कंपन्यांचा विमा उतरवणारी एक कंपनी असते, तिच्या इथल्या ऑफिसात तो पुराचे नकाशे करायचा. कुठल्या देशातली कुठली नदी किती चढेल, कुठली वस्ती किती बुडेल. सहकारी या कामाकडे आकडे म्हणून बघत. दादाला प्रत्येक नकाशात मोरी दिसायची. मी अकाउंट्सवाली, मला ते सगळं गूढ वाटे. एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कॉफी पिताना मी विचारलं, "दादा, आगीचा विमा कोणीही देतं, मग पुराच्या विम्याला सरकार कशाला लागतं?"

तो खुलला. असं कुणी विचारलं की तो पाच मिनिटं भ्यायचं विसरायचा. "आग लागली की एक घर जळतं. पूर आला की अख्खा गाव एकाच दिवशी कंपनीच्या दारात उभा राहतो. आणि विमा घेणार कोण? काठावरचाच. टेकडीवरचा कशाला पैसे भरेल? म्हणून खासगी कंपन्या अंग काढून घेतात. मग सरकारला मागे उभं राहावं लागतं. पण ते फुकट उभं राहत नाही हं. आधी गावानं शब्द द्यायचा. नदीच्या वाटेत नवं बांधकाम करणार नाही, पुराच्या खुणेखाली जोतं ठेवणार नाही, निम्म्याहून जास्त पडलेलं घर पुन्हा बांधलं तर त्या खुणेच्या वर उचलूनच बांधू. गावानं हे नियम लावले, तरच त्या गावातल्या माणसाला विमा मिळणार. एकट्यानं शहाणं होऊन चालत नाही. घराचा विमा वेगळा, घरातल्या सामानाचा वेगळा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पैसे भरल्यावर महिनाभर थांबायचं. त्या महिन्यात पाणी आलं तर काही मिळत नाही."

"हा तर अन्याय आहे," मी म्हटलं.

"का? नदी दारात आल्यावर सगळेच घाबरतात. त्या भीतीला किंमत नाही, अनू. महिनाभर आधी घाबरायला हवं. ऊन पडलेलं असताना."

उन्हात घाबरणारा माणूस! त्याचं याहून नेमकं वर्णन मला आजही सुचत नाही.

तो निवृत्त झाला त्याच सुमारास सरकारनं नदीकाठच्या काही गावांसाठी अशा विम्याची प्रायोगिक योजना आणली आणि त्यात आमचं गाव आलं. दादाला जणू अंगात आलं. स्वतःच्या खर्चानं तो गावी गेला, नगरपालिकेला नकाशा करून दिला, पदरमोड करून महिना महिना राहिला. त्या नकाशात जिथे पाणी हमखास येणार तो भाग निळा होता, आणि त्या निळ्यात आमची गल्ली होती, सुमाताईचं घर होतं. सभेत हलकल्लोळ झाला. निळ्यात आलेल्या घराला गिऱ्हाईक कुठून मिळणार, वर मजला चढवायला परवानगी कोण देणार? औषधाच्या दुकानवाले उभे राहिले आणि म्हणाले, "तुम्ही परदेशात बाराव्या मजल्यावर बसायचं आणि आमच्या घरांना निळा रंग फासायचा होय?" दादा काय म्हणाला असेल? तो म्हणाला, "माझ्या बहिणीच्या घराला आधी फासलाय. बघून घ्या." सुमाताई पहिल्या रांगेत बसली होती. सभा संपल्यावर तिनं त्याला सगळ्यांदेखत झापलं. "लहानपणी पाण्याला भ्यालास, आता गावाला भिववतोस. लाज नाही वाटत?"

नगरपालिकेनं ठराव पुढच्या सभेवर ढकलला, मग त्याच्या पुढच्या. दोन पावसाळे असे गेले. ते दोन पावसाळे दादानं इथे बसून कसे काढले ते वहिनींना विचारा. फोनवर धरणाचे आकडे बघायचा, जेवताना बघायचा, एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या बघायचा. इथल्या मोबाइलवर कुठल्या रस्त्यात पाणी तुंबलं याच्या सूचना येतात, अर्ध्या तासात पाणी ओसरतंही. तसली टिंग वाजली की तो बसल्या जागी दचकायचा. मी चेष्टा करायचे. आता करवत नाही, कारण आता मीही दचकते.

शेवटी यंदा ठराव झाला. गाव योजनेत गेलं, विमा खुला झाला, आणि दादा सुमाताईच्या मागे हात धुऊन लागला. रोज फोन. ती वैतागली, तिनं त्याला फोनवरून अद्वातद्वा सुनावलं, आणि एक दिवस गुपचूप जाऊन घराचा विमा काढून आली. उशिराच काढला, पाऊस चांगलाच लागला होता. त्या दिवशी मी तोआ पायोहलाच होते. फोन स्पीकरवर होता.

"काढला एकदाचा. आता तरी झोप," सुमाताई म्हणाली.

"सामानाचा?"

"सामान काय आहे माझ्याकडे? चार भांडी आणि पुस्तकं. घराचा काढला."

"कागद कुठे ठेवलेस?"

"देवाजवळ."

"देव किती उंचीवर आहेत?"

वहिनी तोंडावर पदर धरून हसायला लागल्या. मग सुमाताई म्हणाली, "श्री, तू कठीण आहेस." पण संध्याकाळी तिनं कागद माळ्यावरच्या पिशवीत टाकले. ती पिशवीही दादानंच मागच्या खेपेला भरून ठेवली होती. त्यात तिचा पासपोर्ट होता. तो त्यानं हट्टानं तिला काढायला लावला होता, आणि तिनं कधी वापरला नव्हता.

आणि इथेच त्याचा हिशेब चुकला. आयुष्यभर त्यानं पाण्याचा अंदाज केला, बहिणीचा केला नाही. विमा काढल्यावर सुमाताई निर्धास्त झाली. दरवर्षी पाणी चढायला लागलं की ती कुरकुरत का होईना, वरच्या आळीतल्या शाळेत जाऊन राहायची. तिचीच शाळा, तिथे सगळे तिला ओळखतात. यंदा धरणाचे दरवाजे उघडले तसा दादानं फोन केला, तर म्हणते कशी, "आता कशाला जाऊ? एवढा विमा काढायला लावलास ना? मग बसते की घरात. काय व्हायचं ते सरकार बघून घेईल." दादा तिला समजावत राहिला की अजून महिना पुरा व्हायचाय, विमा सुरूसुद्धा झालेला नाही, आणि झाला तरी तो भिंतींचा आहे. तिचं एकच. "पावती आहे माझ्याकडे." त्यानंतर दोन दिवसांनी त्याच्या छातीत दुखायला लागलं. मी त्याचा संबंध जोडत नाही. डॉक्टरांनीही जोडला नाही. पण हॉस्पिटलात नर्स त्याच्या हातातून फोन काढून घेताना मी पाहिलंय. "अंकल, यू रेस्ट फर्स्ट, ओके? रिव्हर कॅन वेट," ती म्हणाली होती. दादानं माझ्याकडे असं बघितलं... नदी थांबत नाही हे त्या पोरीला कोण सांगणार, असं काहीतरी त्या डोळ्यांत होतं.

तर त्या सकाळी मी टॅक्सी करून हॉस्पिटलात पोचले. तिकडे गावी नुकतं उजाडलं असणार. वहिनी बाकावर बसल्या होत्या, ईरा त्यांना टेकून. वहिनींनी मला बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या ते असं, "ताईंना कोण सांगणार?" आणि लगेच, "पाणी कुठवर आलंय?" मी फोनवर बघितलं. नदीनं धोक्याची खूण ओलांडली होती. आमच्या गल्लीतून वर जायचा रस्ता दुपारपर्यंत बंद होणार होता.

आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. तिघींच्या मनात एकच. आत्ता सांगितलं तर सुमाताई उठणार नाही. आमच्या घरात कुणी गेल्याची बातमी आली की डोक्यावरून पाणी घ्यायचं, दिवा लावायचा आणि बसायचं. जन्मभर जिनं हे शिस्तीत केलं, ती धाकट्या भावासाठी करणार नाही? ती न्हाणीत जाईल, दिवा लावेल, बसेल. आणि मागून मोरीतून... इतकी भीती मला आजवर कशाचीही वाटली नव्हती, आतल्या खोलीत दादाला तसं पाहूनही नाही. वहिनी म्हणाल्या, "आधी बाहेर काढ. मग सांगू." आणि स्वतः डोळे मिटून घेतले.

मी फोन लावला. बराच वेळ वाजला.

"ताई, दादा म्हणतोय आत्ताच्या आत्ता घर सोड. शाळेत जा."

"त्याला दे फोन."

"डॉक्टर आलेत आत. त्यानंच सांगायला लावलंय."

पलीकडे चार पावलं वाजली. मग ती हळूच म्हणाली, "मोरीतून आवाज येतोय गं."

ईरानं माझा हात पकडला. मी ओरडलेच असेन बहुतेक, कारण कॉरिडॉरमधल्या माणसांनी वळून बघितलं. "ताई, निघ! पिशवी घे आणि निघ!"

"बरं," ती म्हणाली. "निघते." बस्स. ना वाद, ना पावती, ना शिव्या. फोन बंद झाला. जन्मात जिनं दादाचं एक ऐकलं नाही ती एका वाक्यात निघाली, आणि माझा त्यावर विश्वास बसेना. शाळेतून फोन येईपर्यंतची ती वेळ मी कशी काढली ते मला सांगता येत नाही. ईरा कागदांवर सह्या करत होती, नातेवाईक, शेजारी येत होते, आणि मी बंद पडलेल्या घड्याळाकडे बघावं तशी फोनकडे बघत होते. अखेर शाळेच्या मुख्याध्यापिकांचा फोन आला. बाई पोचल्या, रिक्षावाल्यानं गुडघाभर पाण्यातून आणलं, चहा घेतायत. तेव्हा कुठे मला दादासाठी रडू आलं.

संध्याकाळी मी तिला सांगितलं. ती फक्त "हं" म्हणाली. मग, "मृदुलाला जपा."

पाणी खिडकीच्या वर चढलं होतं. मागची भिंत बसली. तिची सगळी पुस्तकं कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती, त्यांचा लगदा झाला. विम्याचं काही मिळालं नाही, मिळणारही नव्हतं, महिना पुरा व्हायचा होता. घर निम्म्याहून जास्त गेलंय असं पाहणीत ठरलं, तेव्हा आता बांधायचं तर दादाच्या खुणेच्या वर उचलूनच बांधावं लागेल. औषधाच्या दुकानवाल्यांनी मला फोन केला. त्यांना दादाबद्दल बोलायचं होतं, पण ते पाण्याबद्दलच बोलत राहिले. शेवटी म्हणाले, "त्यांचा नकाशा वीतभरसुद्धा चुकला नाही हो."

या गोष्टीला आता पाच-सहा आठवडे होतील. गेल्या रविवारी सुमाताई सिंगापूरला आली. तो पासपोर्ट अखेर वापरला गेला. मी भेटायला गेले तेव्हा ती पिशवी रिकामी करत होती. एका पिशवीत मावणारं उभं आयुष्य, त्याला कितीसा वेळ लागणार! वहिनी म्हणाल्या, "ताई, त्या कपाटाचा खालचा कप्पा रिकामाच आहे. तिथे लावा कपडे, वाकायला त्रास होत नसेल तर." आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षात आलं. सुमाताई त्या कप्प्याकडे बघत उभी राहिली. बाहेर पाऊस लागला होता, इथला नेहमीचा, भिंतीसारखा कोसळणारा. माझ्या मोबाइलवर टिंग वाजली. कुठलासा रस्ता तुंबला होता. आम्ही तिघीही दचकलो.

मला राहवलं नाही. "ताई, त्या दिवशी तू एका शब्दात कशी निघालीस गं? दादाचं तर तू कधी ऐकलं नाहीस."

"त्याचं कुठे ऐकलं?" तिनं नऊवारीच्या घड्या हातात घेतल्या. "तुझा फोन आला तेव्हाच कळलं मला. पाणी मोरीशी आलेलं असताना श्रीनं फोन दुसऱ्या कुणाला करू दिला असता? नाकात नळी असो नाहीतर काही असो, तो स्वतः ओरडला असता." तिनं एक घडी हातानं सपाट केली. "म्हटलं, गेला. आता माझ्यासाठी भिणारं कुणी उरलं नाही. मग मीच भ्याले. इतकी भ्याले अनू, चपलासुद्धा घातल्या नाहीत."

मग तिनं पायाच्या चवड्यांवर उभं राहून आपल्या घड्या वरच्या कप्प्यात ठेवल्या. न्हाणीघरात जाऊन भोकावरची वाटी नीट पालथी आहे ना ते बघितलं, आणि वरवंटा जरा मधोमध सरकवला.